जपानीतलं 'ते इरु' आणि 'ते आरु': गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात बसूनही आज मोबाइलवर जपानी शिकता येतं. पण बरेचसे धडे इंग्रजीतून असतात आणि मराठी मुलं क्रियापदाच्या 'ते' रूपानंतर येणाऱ्या 'इरु' आणि 'आरु'पाशी विनाकारण अडखळतात. क्रिया संपून मागे राहिलेली स्थिती सांगायला मराठीजवळ जपानीइतकीच नेमकी रूपं आहेत. मग इंग्रजीचा वळसा कशाला?

गैरसमज 1: 'ते इरु' म्हणजे क्रिया चालू आहे.
वस्तुस्थिती: 'ताबेते इरु' म्हणजे 'जेवतोय', हे बरोबर. पण क्षणात घडून जाणाऱ्या क्रियेला 'ते इरु' लागलं, की सहसा तिचा परिणाम सांगितला जातो. 'बासु गा तोमात्ते इरु' म्हणजे स्टँडवर बस थांबलेली आहे. 'तोक्यो नि इत्ते इरु' म्हणजे माणूस टोकियोला गेलाय आणि अजून तिथेच आहे. तो वाटेत नाही. भाषाशास्त्रज्ञ हारुहिको किंदाइचि यांनी 1950 साली जपानी क्रियापदांचे चार गट मांडले, ते 'ते इरु'शी त्यांचं कसं जुळतं हे पाहूनच.

गैरसमज 2: सजीवाला 'इरु', निर्जीवाला 'आरु'.
वस्तुस्थिती: 'असणे' या अर्थी ही क्रियापदं एकटी येतात तेव्हा हा नियम चालतो. 'ते'नंतर तो लागू नाही. बस निर्जीव, तरीही 'तोमात्ते इरु'च.

गैरसमज 3: दोन्ही रूपांचा अर्थ एकच.
वस्तुस्थिती: 'मादो गा आइते इरु' म्हणजे खिडकी उघडी आहे, वाऱ्याने उघडली की कुणी, ते कळत नाही. 'मादो गा आकेते आरु' म्हणजे खिडकी कुणीतरी मुद्दाम उघडून ठेवली आहे. म्हणून 'ते आरु'ला सहसा सकर्मक क्रियापद लागतं. करणाऱ्याचं नाव येत नाही, पण त्याचा हात जाणवतो. जिनिंगच्या आवारात 'कापसाच्या गाठी रचून ठेवल्यात' म्हणतो, तेव्हा आपणही रचणाऱ्याचं नाव घेत नाही.

गैरसमज 4: 'ते आरु'चा परिणाम डोळ्यांना दिसलाच पाहिजे.
वस्तुस्थिती: 'होतेरु ओ योयाकु शिते आरु' म्हणजे हॉटेलचं बुकिंग करून ठेवलंय. इथे दिसण्यासारखं काही नाही, पुढची तयारी मात्र झालेली आहे.

गैरसमज 5: 'जेवलास का?' याला नकार द्यायचा तर भूतकाळच हवा.
वस्तुस्थिती: अजून जेवण व्हायचं असेल तर 'मादा ताबेते इमासेन' म्हणतात; 'इमासेन' हे 'इरु'चंच नकारी रूप. मराठीत आपण 'अजून जेवलेलो नाही' म्हणतो, अगदी तसंच.

नवं वाक्य समोर आलं, की आधी ते मराठीत म्हणून पाहावं. 'उघडतेय', 'उघडलेली आहे' आणि 'उघडून ठेवलीय' यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. जपानीच्या वर्गात त्याने तो हक्काने वापरावा.