पाणी तोडायचं कधी? आटपाडीचं डाळिंब आणि माझं एमबीए

आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. रूममेट झोपलाय, म्हणून हॉस्टेलच्या जिन्यात बसून रेकॉर्ड करतोय. मधेच कुणाच्या चपलांचा आवाज आला तर तो आपलाच समजा.

पुण्यात एमबीएला येऊन मला महिना झाला. पहिल्या आठवड्यात वर्गात ओळखपरेड झाली, घरचा व्यवसाय काय ते सांगायचं होतं. कुणाचं शोरूम, कुणाचा कारखाना, कुणाची ट्रान्सपोर्ट कंपनी. मी म्हणालो, "शेती, आटपाडी तालुका." आणि खाली बसलो. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग रात्री डोक्यात आलं, की आमचे आप्पा दरवर्षी जो एक निर्णय घेतात, तो या वर्गातल्या कुठल्याही केसपेक्षा सोपा नाही. तो निर्णय म्हणजे डाळिंबाचा बहार धरणं. आज तेच समजावून सांगतो.

डाळिंबाच्या झाडाला मोकळं सोडलं, तर ते वर्षभर थोडी थोडी फुलं काढत राहतं. चार फळं आज, सहा पुढच्या महिन्यात. त्यानं घर चालत नाही. व्यापारी गाडी घेऊन यायचा, तर माल एकदम पाहिजे. म्हणून बागेचं पाणी तोडतात. याला आमच्याकडे 'ताण देणं' म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड महिना किंवा जास्तच. झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, अन्न फांद्यांत साठून राहतं. मग औषध मारून पानगळ करायची, छाटणी करायची, खत घालायचं आणि पाणी सोडायचं. झाड एकदम फुलतं. तिथून फळ हाताशी यायला पाच-सहा महिने.

हा ताण कधी द्यायचा त्यावर तीन बहार. मृग बहार जून-जुलैत फुलतो. पाणी फुकट, पण फळ पावसात वाढतं आणि तेल्या येतो. तेल्या म्हणजे फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ उलतं, आणि पावसाच्या थेंबांबरोबर रोग झाडाझाडांवर पसरतो. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत; रोग कमी, पण सगळा उन्हाळा पाणी पुरवायचं. हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. दर चांगला, रोगही कमी. फक्त एकच भानगड, नुकताच पाऊस पडून गेलेला असतो, त्यामुळं जमीन वाळत नाही आणि ताणच बसत नाही.

बघा ना, मृग आणि हस्त ही नावं नक्षत्रांची आहेत. कधीतरी कुणीतरी आभाळ बघून हे वेळापत्रक बसवलंय, आणि आजही ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवताना आप्पा तेच बोलतात.

आमचा माणदेश पर्जन्यछायेत. माणगंगा नावाला नदी, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. हलकी, मुरमाड जमीन आणि कमी पाऊस, जगाच्या दृष्टीनं तोटाच. पण डाळिंबाला ताण देण्यासाठी अशीच जमीन लागते. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून आमच्याकडे येतं. तेही आपोआप आलेलं नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, लोक वर्षानुवर्षं त्यासाठी बसले. तरी उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटेल, याकडे डोळे लागलेलेच असतात.

आता इन्स्टाग्रामवर एक रील फिरतंय, "ताणाशिवाय माणूस घडत नाही" टाइपचं. आमच्या बॅचमध्येही चार तास झोपलो म्हणून पोरं मिरवतात. डाळिंबवाल्याच्या पोराला हे पटत नाही. कोवळ्या झाडाला, साधारण दोन वर्षांचं होईस्तोवर, बहार धरत नाहीत. ताणाआधी झाडाला खाऊ-पिऊ घालून विश्रांती देतात. आणि प्रमाणाबाहेर ताण दिला तर फुलं येत नाहीत, झाडच खंगतं. आप्पा रोज बागेत जाऊन पान हातात घेऊन बघतात. रील बनवणाऱ्यानं असं काय हातात घेऊन बघितलं, देव जाणे.

दुसरी गोष्ट 'संक कॉस्ट'ची. म्हणजे बुडालेला खर्च. तो परत येत नाही, त्यामुळं पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नाही. वर्गात पाच मिनिटांत झालं. आमच्या दीड एकरात साडेचारशे झाडं होती. खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगेरा आणि मर, दोन्ही एकदम आलं. साठ-सत्तर झाडं वाळायला लागली. ती उपटून जाळली नाहीत तर बाकीची जाणार. आई म्हणाली, "पोटच्या पोरांवानी वाढवल्यात, आणखी एक फवारणी करून बघा की." आप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेसीबी बोलावला. हा हिशेब मला तेव्हा कळला नव्हता, रागच आला होता.

आणखी एक. आमच्या खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, गलाईवाले म्हणतात त्यांना. दहावीनंतर पोरगं मामाच्या दुकानात जातं, काही वर्षं भट्टीपुढं बसतं, परका मुलूख, परकी भाषा, आणि मग स्वतःचं दुकान टाकतं. माझा एक वर्गमित्र असाच गेला. त्याची फी शून्य. माझं एज्युकेशन लोन आहे, आणि पुढच्या वर्षाच्या फीतला काही भाग आप्पांनी डाळिंबावर धरलाय.

आणि इथंच खरी अडचण आहे. हस्त बहार साधला तर फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, म्हणजे फीच्या आधी. पण यंदा पाऊस थांबेना. काल फोनवर आप्पा म्हणाले, "पानं अजून हिरवीगार हायती. पाणी तोडून काय करू, वरनंच पडतंय." मी म्हणालो, "मग तसंच छाटायचं का?" म्हणाले, "तसं न्हाय धरत बाबा. अर्धवट फुटतंय, वरीस जातं." म्हणजे आता आंबिया. म्हणजे उन्हाळाभर टेंभूच्या आवर्तनाकडं डोळे, आणि पैसे जून-जुलैनंतर.

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या कॉलेजात इचारून बघ, फी दोन हप्त्यांत भरू देत्यात का?"

उद्या सकाळी साडेदहाला ऑफिस उघडतं. जाऊन विचारतो. काय म्हणाले ते पुढच्या एपिसोडला सांगतो.