अमूळ्हविनय आणि ‘वेडा’ हा शिक्का

मनोरुग्णाची हेटाळणी केवळ अज्ञानातून होते असे नाही. रुग्ण बरा झाल्यावरही त्याच्या आजारपणातील वर्तन विसरायचे नाही, या हट्टामुळेही ती टिकून राहते. पालि विनयपिटकाने नेमक्या याच प्रश्नाचा विचार केलेला असल्याने त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत येते. चित्तविभ्रमाच्या अवस्थेत श्रमणाला न शोभणारे पुष्कळ वर्तन त्याच्याकडून घडले. पुढे तो भानावर आला. तरीही काही भिक्खू त्याच गोष्टी काढून त्याला दोष देत राहिले. आपण तेव्हा शुद्धीवर नव्हतो, ते आपणास स्मरत नाही, असे सांगूनही त्यांचे बोलणे थांबेना. हे तथागतांच्या कानी गेल्यावर त्यांनी गग्गाला ‘अमूळ्हविनय’ देण्याची संघास अनुज्ञा दिली.

‘अमूळ्ह’ म्हणजे जो आता मूढ राहिलेला नाही तो. गग्गाने संघापुढे तीनदा याचना करावी आणि संघाने एक ज्ञप्ती व तीन अनुश्रावणे करून ती मान्य करावी, असा हा विधी आहे. ही क्षमा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. उन्मत्ताला आपत्ती लागत नाही, हा विनयाचा सर्वत्र आढळणारा दंडक आहे. जेथे अपराधच नाही, तेथे क्षमा कशाची करणार? तथापि वेडाचे सोंग घेणाऱ्याला हा विनय देणे अधार्मिक ठरविले आहे. म्हणजे करुणेबरोबर विवेकही येथे सुटलेला नाही. ठपका चारचौघांत ठेवला गेला होता, म्हणून तो दूर करण्याचे कामही भरसंघात झाले. हाच विनय पुढे वाद मिटविण्याच्या सात उपायांपैकी एक म्हणून पातिमोक्खात समाविष्ट आहे.

महावग्गातही गग्ग भेटतो. उपोसथाचे त्याला कधी स्मरण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. त्याला संघाबाहेर घालविले गेले नाही. त्याला ‘उन्मत्तसंमती’ देऊन, तो आला वा न आला तरी संघकर्म दूषित होणार नाही, अशी व्यवस्था करण्यात आली.

आपल्याकडे मात्र ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे शब्द थट्टेत सर्रास वापरले जातात. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. 28 जणांचा मृत्यू झाला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा पायातील साखळी तोडू शकतो. शेजाऱ्याच्या जिभेवरचा शिक्का तो पुसू शकत नाही. ते काम समाजाचे आहे.

उपचार वैद्याने करावेत. पण बरा होऊन परतलेल्या माणसाला पुन्हा कामावर घेणे, त्याच्याशी सोयरीक जोडताना मागचे न उगाळणे आणि विहारातील वंदनेला त्याला आपल्या शेजारी बसविणे, हा आपल्या काळातील अमूळ्हविनय होय, असे आम्हास वाटते.