एक पिवळा स्पंज, दोन महासागर

अकरावीच्या बायोलॉजीतला 'पोरिफेरा' आठवतोय? सायकॉन, स्पाँजिला, युस्पाँजिया ही तीन नावं, ऑस्टिया आणि ऑस्क्युलम, कॉलर असलेल्या त्या पेशी... एमसीक्यूमधला एखादा मार्क मिळवून देऊन हा फायलम आपल्या आयुष्यातून निघून जातो. परीक्षा संपली की स्पंज म्हणजे फक्त भांडी घासायचा.

आज त्याच फायलममधल्या एकाला भेटूया. याचं नाव ल्युसेटा चागोसेन्सिस. डायव्हिंग करणारे त्याला सरळ 'लेमन स्पंज' म्हणतात. फोटो बघितलात तर का ते विचारायची गरज पडणार नाही. पिवळाधम्मक गोळा, बऱ्याचदा मुठीत मावेल एवढा, अंगावर एखाददुसरं मोठं भोक. प्रवाळाच्या कपारीत, पुढे आलेल्या खडकाच्या खालच्या सावलीत तो चिकटलेला असतो. तोंड नाही, पोट नाही, स्नायू नाहीत, मेंदूचा तर प्रश्नच नाही. तरीही तो प्राणी आहे, आणि दिवसभर कामात आहे.

काम एकच, पाणी गाळायचं. सायकॉनची आकृती तुम्ही जर्नलमध्ये काढली असेल, तर मधली पोकळी आणि भोवतीच्या नळ्या आठवत असतील. ल्युसेटाचा प्लॅन त्याहून गुंतागुंतीचा, पुस्तकी भाषेत 'ल्युकॉनॉइड'. अंग जाड, भरीव आणि त्यात असंख्य सूक्ष्म कोठड्या. प्रत्येक कोठडीच्या भिंतीवर कॉलरवाल्या पेशी, आणि प्रत्येक पेशीची एक शेपटी सतत वळवळत असते. त्या वळवळीनं पाणी बाहेरच्या बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. आता थोडं फिजिक्स लावा. नदीचं पात्र रुंद झालं की पाणी संथ होतं. इथे एक एक कोठडी इवलीशी असली तरी सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड, म्हणून कोठड्यांत पाणी अगदी सावकाश सरकतं आणि पेशींना त्यातले बॅक्टेरिया टिपायला वेळ मिळतो. मग तेच पाणी एका मोठ्या भोकातून, म्हणजे ऑस्क्युलममधून, जोरात बाहेर फेकलं जातं. जोरात का? उष्टं पाणी लांब गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच आत यायचं.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते त्याचं हाड. हाड म्हणजे खरंतर काड्या, स्पिक्युल्स. जगातल्या बहुतेक स्पंजांच्या काड्या सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या भावकीतल्या. कॅल्केरिया या छोट्या गटात मात्र त्या कॅल्साइटच्या असतात. खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात, तेच खनिज. ल्युसेटाच्या बहुतेक काड्यांना तीन टोकं असतात, एकमेकांपासून 120 अंशांवर. मायक्रोस्कोपखाली डोळा लावला की मर्सिडीजचे लोगो कुणीतरी ओतून ठेवल्यासारखं दिसतं. चार टोकांच्याही काही काड्या असतात. अशा स्पंजांत तीन टोकांची एक काडी घडवायला सहा पेशी एकत्र येतात, एका टोकाला दोन. हे काम सहा जणींचं असूनही तयार झालेली काडी प्रकाशाखाली एकाच अखंड स्फटिकासारखी वागते. ग्रुप प्रोजेक्ट असा पार पडलेला तुम्ही कधी पाहिलाय?

झूलॉजीवाल्यांसाठी एक प्रॅक्टिकल गोष्ट. सिलिकावाल्या स्पंजाच्या काड्या सुट्या करायला ॲसिड चालतं. इथे ॲसिड टाकलंत तर फसफसून काड्याच गायब! म्हणून मांस विरघळवायला ब्लीच वापरतात आणि नमुना अल्कोहोलमध्ये ठेवतात. जुनं, आम्लधर्मी झालेलं फॉर्मालिनसुद्धा या काड्या खाऊन टाकतं.

आता खरी गंमत. हा पिवळा गोळा कुठे कुठे सापडतो? लाल समुद्रात, मालदीवमध्ये, इंडोनेशियात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, जपानच्या ओकिनावाजवळ, फिजीला, थेट फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत. म्हणजे अर्ध्या पृथ्वीचं कोमट पाणी त्याचं. आणि हा प्राणी तर जागचा हलत नाही! त्याची पिल्लं आईच्या अंगातच वाढतात आणि पोहत बाहेर पडतात, पण स्पंजांच्या अळ्यांचं पोहणं फार तर काही दिवसांचं. तेवढ्यात चिकटायला जागा शोधायची, नाहीतर संपलं. एवढ्या छोट्या उडीत कुणी दोन महासागर कसे ओलांडेल?

जर्मन संशोधक गर्ट वोरहाइडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोडं डीएनएच्या बाजूने सोडवायला घेतलं. 2002 साली त्यांचा पश्चिम पॅसिफिकमधल्या नमुन्यांवरचा अभ्यास आला. पुढे 2008 मध्ये लाल समुद्र आणि हिंदी महासागरातले नमुनेही जोडले गेले. उत्तर असं निघालं, की दिसायला सारखे असलेले हे गोळे आतून सारखे नाहीत. हिंदी महासागराकडचे आणि पॅसिफिकमधले वंश खूप पूर्वीच फुटलेले आहेत. एकट्या ग्रेट बॅरियर रीफवरसुद्धा उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची मंडळी वेगळी पडतात. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली गेली होती. आज जिथे ती रीफ आहे, तिथला उथळ तळ तेव्हा कोरडा पडला होता. त्या काळात वस्त्या विखुरल्या, तुटल्या, आणि पाणी परत वर आल्यावर वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा पसरल्या.

मग एवढी वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण शरीर चुगली करत नाही. सगळ्यांकडे तेच तीन टोकांचे लोगो, तोच पिवळा रंग. स्पंज ओळखायचे तर काड्या मोजायच्या, आणि इथे काड्याच इतक्या साध्या की फरक दाखवायला काही उरतच नाही.

'मग काय बिघडलं?' असं म्हणाल. बरंच बिघडतं. 'सगळीकडे सापडतो' असा शिक्का बसला की त्या जीवाची काळजी कुणी करत नाही. एका रीफवरून गेला तरी दुसरीकडे आहेच की! पण प्रत्येक भागातला वंश स्वतंत्र असेल, तर एका ठिकाणचा गेलेला दुसरीकडून भरून येणार नाही. 2002 च्या त्या पेपरच्या शीर्षकातच ग्रेट बॅरियर रीफच्या संवर्धनाचा उल्लेख आहे, तो उगाच नाही.

दुसरी बाजू केमिस्ट्रीची. लाल समुद्रातल्या याच स्पंजातून नामिडिन नावाची संयुगं वेगळी केली गेली, आणि त्यांच्यावर कॅन्सरच्या अंगानं प्रयोग झाले. याच्या एका भावंडातून, ल्युसेटा मायक्रोराफिसमधून, ल्युसेटामाइन बी मिळालं. त्यावरून फ्रान्समध्ये प्रयोगशाळेत नवे रेणू बेतले गेले, अल्झायमर आणि डाउन सिंड्रोमशी संबंध असलेल्या एका एन्झाइमला आवर घालण्यासाठी. हे सगळं अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, उद्या मेडिकलमध्ये मिळणार नाही. पण विचार करा, एकानं लाल समुद्रातून आणि दुसऱ्यानं पॅसिफिकमधून 'तोच' स्पंज उचलला आणि दोघांचे निकाल जुळले नाहीत, तर चूक कुणाची?

शेवटी नावाबद्दल. चागोसेन्सिस म्हणजे चागोसचा. मालदीवच्या दक्षिणेची ही बेटं. बातम्यांत येणारा दिएगो गार्सियाचा लष्करी तळ तिथलाच. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस समुद्राखालच्या एकाच रांगेवर उभे आहेत. आणि ज्या तप्त केंद्रानं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट ओतला, त्याच्याच पाऊलखुणा म्हणजे ही रांग, असं भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे हा स्पंज आपल्या लांबच्या शेजारातला निघाला!

1905 मध्ये 'सीलार्क' या ब्रिटिश जहाजानं हिंदी महासागरातून नमुने गोळा केले, आणि आर्थर डेंडी यांनी 1913 मध्ये या स्पंजाला नाव दिलं. याच डेंडींनी गुजरातमधल्या ओखामंडळाच्या किनाऱ्यावरचे कॅल्शियमवाले स्पंजही अभ्यासले होते. ओखामंडळ तेव्हा बडोदा संस्थानात, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात होतं.

प्राणिशास्त्राचा नियम असा, की एका जातीच्या दोन जाती केल्या तर जुनं नाव मूळ नमुन्याकडे राहतं. म्हणजे उद्या वाटणी झालीच, तर 'चागोसेन्सिस' हे नाव चागोसच्या वंशाकडे, आपल्या बाजूच्या महासागरात राहील. आणि ग्रेट बॅरियर रीफवर हजारो डायव्हर्सनी ज्याच्यासोबत फोटो काढलेत, त्या पिवळ्या गोळ्यासाठी दुसरं नाव शोधावं लागेल.