एक फूट चढायला बारा फूट वाट

पोलादपूरहून महाबळेश्वरला एसटीने गेला असाल, तर आंबेनळी घाटात तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. हा रस्ता सरळ का जात नाही? डोंगर समोर दिसतोय, जायचंय वर, आणि गाडी मात्र डावीकडे वळते, उजवीकडे वळते, मघाचीच दरी पुन्हा दाखवते. मागच्या सीटवर कुणाला तरी हमखास मळमळतं!

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर आणि पोलादपूर पार पायथ्याशी. मधला रस्ता साधारण ४० किलोमीटरचा. म्हणजे एक मीटर उंची मिळवायला गाडी सरासरी ३० मीटर धावते. निसर्गाशी केलेला हा सौदा आहे: अंतर जास्त कापा, जोर कमी लावा.

आता घाटातून उतरून एका दवाखान्याच्या दारात या. दाराला पाच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटरची, म्हणजे एकूण उंची ७५ सेंटीमीटर. तुम्ही दोन उड्यांत वर! पण व्हीलचेअरवरून आलेली ताई काय करील? चाकाला एक पायरीसुद्धा चढता येत नाही. तिच्यासाठी इथे एक छोटासा घाटरस्ता हवा. त्यालाच आपण रॅम्प म्हणतो.

चला, हिशेब करू. ताईचं वजन ४५ किलो, खुर्चीचं १५, मिळून ६०. ताईला खुर्चीसकट उचलायचं तर पुरे ६० किलो पेलावे लागतील. त्याऐवजी एक मीटर उंचीला तीन मीटर लांब असा रॅम्प बांधला, तर १९ किलो उचलायला लागतो जवळजवळ तेवढा जोर लावावा लागेल. सहा मीटर लांब केला तर १० किलोंचा. आणि बारा मीटर केला तर फक्त ५ किलोंचा! चाकांच्या घर्षणाचा थोडा जोर वेगळा, पण ५ किलोंचा जोर ताई आपल्या हातांनी लावू शकते. कुणाला हाक मारायची गरज नाही. म्हणून रॅम्पसाठी एकास बारा हे प्रमाण ठरलंय. एक फूट चढायला बारा फूट वाट.

आपल्या पाच पायऱ्यांना मग किती लांब रॅम्प लागेल? ७५ गुणिले १२, म्हणजे ९०० सेंटीमीटर. नऊ मीटर! अंगण लहान असेल, तर घाटासारखं वळण घेऊन रॅम्प परत फिरवायचा. वळणावर सपाट जागा ठेवायची, म्हणजे दम खाता येतो. दोन्ही बाजूंना धरायला कठडे हवेतच. कुबड्या घेऊन चालणाऱ्यांनाही त्यांचा आधार होतो.

पायऱ्या मुळात ठेवायच्याच कशाला, जमिनीलगत बांधावं की! पण आपल्या महाड-पोलादपूर भागात हे चालणार नाही. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. इथे जोतं उंचच हवं. आणि जोतं जितकं उंच, तितका रॅम्प लांब. जागा वाचवायला बांधणारे कधी कधी घसरगुंडीसारखा तीव्र उतार बांधतात आणि 'रॅम्प केला' म्हणतात. अशा उतारावर खुर्ची मागे कलंडू शकते. मला तर वाटतं, असा रॅम्प नसलेलाच बरा.

पावसाची आणखी एक खोडी आहे. चाक पुढे जातं ते जमिनीला धरून. गुळगुळीत लादीवर पाण्याचा थर आला किंवा जांभ्यावर शेवाळ धरलं, की ती पकड सुटते. म्हणून आपल्याकडच्या रॅम्पची जमीन खरखरीत हवी, त्यावर आडव्या रेघा हव्यात आणि वर छप्पर हवं.

आता जरा तुमचा खांदा गोल फिरवून बघा. किती मोकळा फिरतो! दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्यात एका उथळ खोबणीत बसलेला असतो, म्हणून हात सगळीकडे पोहोचतो. मांडीचं हाड ज्या खोबणीत बसतं ती मात्र खोल असते, कारण तिथे अंगाचा भार पेलायचा असतो. व्हीलचेअर चालवणाऱ्यांचे खांदे पायांचंही काम करतात, रोज, वर्षानुवर्षं. त्यामुळे पुढे पुष्कळांचे खांदे दुखायला लागतात. प्रत्येक तीव्र चढ त्यात भर घालतो.

खांद्यांसारखीच कातडीचीही काळजी घ्यावी लागते. एकाच जागी बराच वेळ बसलं, की आपण नकळत चुळबूळ करतो. दबलेल्या कातडीला रक्त मिळावं म्हणून शरीर आपल्याला हलवत असतं. मणक्याला इजा झालेल्या काहींना दबलेल्या भागाची कळ जाणवतच नाही. मग कातडी दबून जखम होते. म्हणून ते ठरवून, थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलतात किंवा एका बाजूला कलतात. अशी जखम सुरुवातीलाच दाखवली तर लवकर बरी होते. पण दवाखान्याच्या पाच पायऱ्या आठवून माणूस म्हणतो, 'जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू.' आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही सर्दी होते, दात दुखतो, रक्तदाब तपासावा लागतो. हे आपण किती सहज विसरतो!

आत गेल्यावर एक कोडं. औषध किती द्यायचं हे काही वेळा वजनावर ठरतं. ताई उभी राहू शकत नाही. तिचं वजन कसं कराल? विचार करा. जमलं? खुर्चीसकट मोठ्या काट्यावर घ्यायचं, मग रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. सोपं आहे, पण त्यासाठी दवाखान्यात खुर्ची मावेल असा सपाट काटा लागतो. आणि ऐकू न येणाऱ्या दादाला त्याचा नंबर आल्याचं कसं कळणार? भिंतीवर नंबर दिसणारा फलक हवा.

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. सरकारी आणि खासगी दवाखान्यांत प्रत्येक भागात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि तपासणीत दिव्यांगांना आधी नंबर मिळाला पाहिजे, असंही त्यात लिहिलंय.

महाडच्या मुलांना ही गोष्ट पटकन कळावी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तिथलं पाणी प्यायले. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने त्याआधीच केला होता. पण कागदावर खुलं असलेलं तळं दलितांना प्रत्यक्षात बंदच होतं. पायऱ्यांमागच्या दवाखान्याच्या पाटीवरही 'सर्वांसाठी' असंच लिहिलेलं असतं.

उंची गाठायची दुसरी युक्तीही महाड तालुक्यातच आहे: रायगडचा रोपवे. हिरकणीवाडीतून तो सुमारे ४०० मीटर उंची पाचेक मिनिटांत चढतो. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात. उतरणाऱ्यांचं वजन चढणाऱ्यांना ओढायला मदत करतं, आणि यंत्राला उरलेल्या फरकापुरताच जोर लावावा लागतो. गुडघे दुखणारी कितीतरी आजी-आजोबा मंडळी त्यातून गडावर जातात.

आता तुमचं काम. गवंडीकाकांकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणा आणि मोजपट्टी घ्या. नळीचं एक टोक तुमच्या गावच्या दवाखान्याच्या दारात धरा, दुसरं रॅम्पच्या पायथ्याशी. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीवर थांबतं. त्या पातळीपासून पायथ्याच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, दारातल्या जमिनीपर्यंतचं मोजा आणि मोठ्यातून लहान वजा करा. ही झाली उंची. आता पायथ्यापासून दारापर्यंत रॅम्पच्या उताराची लांबी, वळणावरची सपाट जागा सोडून, मोजा आणि तिला उंचीने भागा. उत्तर बारा किंवा जास्त आलं, तर दवाखान्यातल्या सिस्टरना सांगा, त्यांना आनंद होईल. बारापेक्षा कमी आलं, तर आकडे कागदावर नीट मांडा, खाली सगळ्यांच्या सह्या करा आणि पुढच्या ग्रामसभेत तो कागद सरपंचांच्या हातात द्या.