विनाआगीची आगगाडी : बोरघाटातील शक्तिसाधने आणि 'स्वच्छ' या विशेषणाचा अर्थ

कोणतीही नवी वस्तू समाजात आली म्हणजे तिच्यासाठी शब्द हवा असतो, आणि तो शब्द बहुधा त्या वस्तूचे जे अंग प्रथम डोळ्यांत भरते त्यावरून घडतो. पुढे वस्तू बदलते, परंतु शब्द मागे राहतो. मराठीतील 'आगगाडी' हा शब्द याचे ठळक उदाहरण होय. लोणावळ्याच्या स्थानकात आज जी गाडी येऊन उभी राहते, तिच्यात आग कोठेही नसते. तरीही तिला आगगाडी म्हणताना कोणास अडखळल्यासारखे होत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दापासून आरंभ करून बोरघाटात गाडी ओढणारी शक्ती कसकशी बदलत गेली, आणि त्या संदर्भात आज सर्रास वापरले जाणारे 'स्वच्छ' हे विशेषण कितपत पूर्णार्थी आहे, याचा विचार करावयाचा आहे.

१. शब्दाची घडण

'आगगाडी' हा मध्यमपदलोपी समास आहे : आगीच्या बळावर चालणारी गाडी. 'आगबोट' हा त्याचा जुळा भाऊ. शेजारच्या गुजरातीनेही 'आगगाडी' हाच शब्द पत्करला. दक्षिणेकडील भाषांपैकी मल्याळमने मराठीप्रमाणे आगच पाहिली आणि 'तीवंडी' म्हटले. तमिळने मात्र धूर पाहिला व 'पुगैवंडी' असा शब्द केला. कन्नडमधील 'होगेबंडी' आणि तेलुगूमधील 'पोगबंडी' यांचाही अर्थ धुराची गाडी असाच होतो. दूरच्या चिनी भाषेतील शब्दही 'अग्नी' आणि 'गाडी' या दोन पदांचाच बनलेला आहे. हिंदीने मात्र गाडीकडे न पाहता तिच्या मार्गाकडे पाहिले आणि 'रेलगाडी' हा शब्द स्वीकारला. मराठीतही 'लोहमार्ग' हा शब्द याच दृष्टीचा आहे.

या दोन प्रकारच्या शब्दांचे भवितव्य सारखे नसते. मार्गावरून पडलेले नाव रूळ आहेत तोवर खरे राहते. शक्तीवरून पडलेले नाव शक्ती बदलताच वस्तुस्थितीपासून सुटते. अशा वेळी भाषेपुढे दोन वाटा असतात. जपानीने वाफेच्या गाडीला 'किशा' म्हटले होते. विजेची गाडी आल्यावर तिने 'देन्शा' हा वेगळा शब्द रूढ केला. मराठीने दुसरी वाट धरली : जुना शब्द तसाच ठेवून त्याच्यातील 'आग' या पदाचा अर्थ विझू दिला.

२. आगीचा काळ

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली खुला झाला. परंतु मध्ये सह्याद्री उभा होता. जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरांच्या अंतरात सुमारे ५५० मीटरांची चढण, २५ बोगदे आणि कित्येक ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा चढ, असे या मार्गाचे मूळ रूप होते. काम करताना हजारो मजूर रोगराईस आणि अपघातांस बळी पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत मृत्यू पावले. त्यानंतर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले.

चढ एका दमात काढणे अशक्य असल्यामुळे मध्ये एक उलटफेरीचे स्थानक योजले होते. तेथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकास येई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी शंभरातील दहा भागही चाकापर्यंत पोहोचत नसत. उरलेली उष्णता वाफेच्या आणि धुराच्या रूपाने बोगद्यांत कोंडून राही. या काळात शब्द आणि वस्तू यांत अंतर नव्हते : आगगाडी ही आगीचीच गाडी होती.

चढण्यापेक्षाही उतरणे अधिक धोक्याचे. १८६९ मध्ये ब्रेक न लागल्यामुळे एक गाडी उलटफेरीच्या स्थानकात न थांबता पुढे जाऊन कोसळली. अशा धोक्यावरील उपाय म्हणजे 'कॅच सायडिंग'. उतरणीवरील ठरावीक जागी सांधे मुख्य मार्गाकडे लावलेले नसून बाजूला चढत जाणाऱ्या एका फाट्याकडे लावलेले असतात. खाली येणारी गाडी त्या जागी थांबली, म्हणजेच ती ताब्यात आहे असे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. न थांबल्यास ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढामुळे तिचा वेग मोडतो.

नियमांची भाषा अभ्यासणाऱ्यास येथे एक सूक्ष्म भेद दिसेल. मोटारींच्या शर्यतीतील नियम हे प्रायः संकेतार्थी वाक्ये असतात : थांब्याच्या गल्लीत वेगमर्यादा ओलांडली तर अमुक सेकंदांचा दंड. नियमभंग आधी, पंचांचा निर्णय नंतर. घाटातील नियमाचे वाक्य विध्यर्थी आहे : थांबावे. त्याच्या मागे पंच नाही. दंड रुळांच्या मांडणीतच घातलेला आहे. उतारावर नियमभंगानंतर दंड करण्यास वेळच उरत नाही, म्हणून ही मांडणी.

३. आग गेली, कोठे गेली?

मुंबईत विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर धावली. १९२९-३० च्या सुमारास हा तारांचा मार्ग घाट चढून पुण्यास आला. त्याच सुमारास नवी आखणी होऊन उलटफेरीचे स्थानकही निकामी झाले. १ जून १९३० पासून 'दख्खनची राणी' धावू लागली. तारांतील विजेचा दाब तेव्हा १५०० व्होल्ट आणि प्रवाह एकदिश होता. पुढे २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह घेण्यात आला आणि मुंबईच्या बाजूचे हे रूपांतर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या सर्व रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण पुरे झाल्याचे जाहीर झाले.

बोगदे धुरापासून मुक्त झाले, हा लाभ निःसंशय मोठा. परंतु धूर नाहीसा झाला काय? रेल्वेने आपल्या विजेसाठी ठाकुर्ली येथे चोळा वीजगृह उभारले होते, आणि तेथे कोळसाच जळत असे. म्हणजे आग विझली नव्हती. ती घाटातून उठून खाडीकाठी जाऊन बसली होती. एका ठिकाणी मोठ्या भट्टीत कोळसा जाळणे हे शंभर इंजिनांत जाळण्यापेक्षा काटकसरीचे खरे. तथापि खंडाळ्याच्या प्रवाशास जी गाडी निर्धूर वाटत होती, ती ठाकुर्लीच्या रहिवाशास तशी वाटली नसणार.

४. पाण्याचा हिशेब

मावळात मात्र तेव्हाही कोळशावाचून वीज निर्माण होत होती. वळवण येथील धरणाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी बसविण्यात आली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचे पाणी नळांतून कोकणात उतरवून खोपोलीच्या वीजगृहाने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. पुढे आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या तलावातून भिवपुरीस १९२२ मध्ये, आणि मुळशीच्या तलावातून भिऱ्यास १९२७ मध्ये वीज होऊ लागली.

घाटातील गाडी आणि घाटातील पाणी यांचा एक साधा हिशेब येथे मांडण्याजोगा आहे. १००० टनांची गाडी ५५० मीटर वर नेण्यास, घर्षण सोडून, सुमारे १५०० युनिट शक्ती लागते. एक टन पाणी ५०० मीटर खाली पडले असता सुमारे १.३६ युनिट शक्ती देते. म्हणजे ती गाडी वर चढविण्यास सुमारे ११०० टन पाणी खाली उतरावे लागेल. नळ, यंत्रे व तारा यांतील घट धरल्यास आणखी काही. ढोबळ मानाने, गाडीच्या वजनाइतके पाणी खाली जाते तेव्हा गाडी वर येते. घाट हा एक प्रचंड तराजू आहे.

गाडी खाली उतरते तेव्हा हीच शक्ती परत मिळते. वाफेच्या काळी ती ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जाई. विजेचे चालकयंत्र चाकांकडून फिरविले गेले असता तेच जनित्र बनते आणि उतरणारी गाडी तारांत वीज परत सोडते. ती चढणाऱ्या गाडीस उपयोगी पडते. या 'पुनर्जनक' ब्रेकची सोय घाटासाठी आणलेल्या पहिल्या विद्युत् इंजिनांत होती आणि आजच्या त्रिकला इंजिनांतही आहे. फॉर्म्युला वन या मोटारींच्या शर्यतीत याच तत्त्वास २००९ साली प्रथम परवानगी मिळाली. तेव्हा एका फेरीत ४०० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटाचा जेमतेम नववा भाग वापरण्याची मुभा होती. या तत्त्वाची खरी रंगभूमी शर्यतीचा रस्ता नसून घाट होय.

५. अधिकरण

पाण्याची वीज निर्धूर आहे, म्हणून ती स्वच्छ, असे म्हणून थांबता येत नाही. मुळशीच्या धरणाखाली मावळातील अनेक गावांची भातखाचरे जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झाले आणि गावे बुडाली. शिवाय जे पाणी इंद्रायणी, आंध्रा व मुळा यांच्या वाटेने पूर्वेस भीमेकडे गेले असते ते पश्चिमेस वळविले गेले. भीमेच्या खोऱ्यातील कोरडवाहू भागांची त्याबद्दलची तक्रार आजही मिटलेली नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शिरोता व भिवपुरी येथे मिळून २८०० मेगावॉटचे उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात झाला. सूर्यापासून दिवसा मिळणाऱ्या विजेने पाणी वर चढवावयाचे व गरजेच्या वेळी ते खाली सोडावयाचे, ही त्यातील कल्पना. देशातील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज आजही कोळशापासून होत असल्याने अशा साठवणीची आवश्यकता उघड आहे. ज्या दिवशी घाटातील तारांत अशीच वीज खेळेल, त्या दिवशी आगगाडीतील आग खऱ्या अर्थाने विझेल. पण तोपर्यंत, आणि त्यानंतरही, मावळच्या डोंगरांनी काय सोसावयाचे हा प्रश्न विचारावाच लागेल.

व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर 'स्वच्छ' हे विशेषण एकटे अपुरे आहे. त्यास अधिकरणाची, म्हणजे 'कोठे' या प्रश्नाच्या उत्तराची, अपेक्षा असते. बोगद्यात स्वच्छ, ठाकुर्लीस नव्हे. ठाकुर्लीस स्वच्छ, मुळशीच्या खोऱ्यात नव्हे. अधिकरण गाळले की वाक्य सुटसुटीत होते, परंतु ज्यांच्या गावी त्या स्वच्छतेची किंमत मोजली जाते ती माणसे वाक्यातून गळतात. 'आगगाडी' या जुन्या शब्दाचा निदान एक गुण मान्य करावा लागेल : गाडी कशाच्या बळावर चालते हे तो लपवीत नव्हता. नव्या शक्तीसाठी नवे शब्द घडविताना हा प्रामाणिकपणा सांभाळला जावा, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.