पानातला कोड पानाबाहेर

सर्व्हरवर तयार होणाऱ्या वेबपानात दोन कामे मिसळतात: मजकूर मांडणे आणि त्यामागचा हिशेब करणे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1999 मध्ये आणलेल्या जेएसपी या वेबपाने बनवण्याच्या तंत्रात पानातच जावा कोड लिहिता येई, आणि एचटीएमएलमध्ये उघडलेला कंस कुठे बंद होतो हे शोधणे जिकिरीचे होई. जेएसपीचे तयार ॲक्शन टॅग हा त्यावरचा खरा उपाय आहे, असे मला ठामपणे वाटते. ‘यूजबीन’ टॅग माहिती धरणारे जावाचे ऑब्जेक्ट शोधतो, नसल्यास नवे बनवतो. ते पानापुरते, एका विनंतीपुरते, वापरकर्त्याच्या सेशनपुरते की साऱ्या ॲप्लिकेशनसाठी राहावे, हे एका शब्दात ठरते. ‘इन्क्लूड’ टॅग दुसऱ्या पानाचा तयार मजकूर प्रत्येक विनंतीच्या वेळी आणून जोडतो.

यावर आक्षेप असा की, कोड नाहीसा होत नाही, फक्त पानातून जावा क्लासमध्ये जातो. खरे आहे, पण फायदा त्यातच आहे: वेगळ्या क्लासमधला कोड स्वतंत्रपणे तपासता येतो, पानातला नाही. सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर. ऑब्जेक्टमध्ये मूल्ये भरणाऱ्या ‘सेटप्रॉपर्टी’ टॅगमध्ये नावाऐवजी तारांकन दिले, की विनंतीतून आलेल्या प्रत्येक जुळत्या नावाचे मूल्य ऑब्जेक्टमध्ये भरले जाते; त्यात अधिकार ठरवणारे नाव असेल, तर परका माणूसही ते बदलू शकतो. ती मूल्ये पानावर दाखवणारा ‘गेटप्रॉपर्टी’ टॅगही मजकूर निर्धोक न करता जसाच्या तसा छापतो. म्हणून हे टॅग जरूर वापरा, पण तारांकन टाळा आणि प्रत्येक रकाना नावानिशी लिहा.