सांगली-मिरज वडाप

पहाटे साडेपाच. महालक्ष्मी एक्सप्रेसचं पॅसेंजर धरायला सांगली स्टेशनवर गाडी लावतो. मुंबईहून आलेलं जोडपं म्हणतं, "दादा, स्टेशन चौक." तिथं रूळ नाहीत, फलाट नाही. वसंतदादा पाटलांचं स्मारक आहे, निवडणूक आली की सभा होतात. तरी पत्ता तोच.

सात. चहा, क्रीमरोल. पहिल्या फेरीचे पैसे डिझेलला.

साडेआठ. आता वडाप, म्हणजे सीटवारी भाडं. "मिरज, मिरज, मिरज!" विलिंग्डनची पोरं, वालचंदची पोरं, मिशन हॉस्पिटलला निघालेल्या मावश्या. दवाखान्याची माणसं आधी बसवायची, हा आमचा नियम. कुणी लिहिलेला नाही.

या रस्त्याचा मूळ धंदेवाला रेल्वे. पुण्याहून मिरजेला जाणारी मीटरगेज सांगली गावाला बगल देऊन गेली होती. संस्थानाची राजधानी, हळदीची पेठ, आणि गाडी धरायला मिरज गाठायचं! मग 1907 साली संस्थानानं स्वतःचा फाटा टाकला, मिरज ते सांगली, उणापुरा पाच मैल. राजे चिंतामणराव तेव्हा अल्पवयीन होते, कारभार प्रशासकाच्या हाती. पाच मैलांसाठी रूळ, स्टेशन, मास्तर, सिग्नल. आज कुणी असा प्रस्ताव दिला तर साहेब हसून फाईल परत पाठवतील.

एक वाजता डबा. भाकरी, झुणका, ठेचा. स्टँडवर एक आजोबा रोज सावलीला येऊन बसतात.

"मिरजेत तीन गेजच्या गाड्या उभ्या असायच्या, ठाऊक हाय का? साडेपाच फुटी, मीटरची, आन् पंढरपूरची अडीच फुटी."

"आणि आपली सांगलीची?"

"ती मीटरचीच. मोठी लाईन आली आन् हिचं काम संपलं."

खरं आहे. 1971च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाली, मुख्य मार्गावरच सांगलीला स्टेशन मिळालं. फाटा कशाला लागतोय मग? लोक स्टेशन चौकातल्या त्या जुन्या स्टेशनसाठी हळहळतात; मला ते पटत नाही. थेट मुंबईची गाडी मिळाल्यावर मिरजेला बदली करत कोण बसेल? रेल्वेनं सोडलेल्या या पाच मैलांवर सिटी बस जगली, आम्ही जगलो.

चार ते सात नुसती धावपळ. विश्रामबागला गर्दी, पुढं पोलीस. एक जादा सीट उतरवून चालत पुढं पाठवायचं, वळणावर परत घ्यायचं.

रात्री नऊ, शेवटची फेरी. चार सीटं झाली, पाचव्यासाठी थांबलो. दहा मिनिटं गेली. मागून एक म्हातारा करवादला, "आरं सोड की आता! मीटरगेजला बी एवढा टाईम लागत नव्हता."

सोडली.